‘व्यक्ती’ या शब्दाचा आसरा: चकमांच्या स्थलांतराचा इतिहास

राज्यघटना हाही एक ग्रंथ आहे आणि त्यातील शब्दयोजना काळजीपूर्वक वाचावी लागते. अनुच्छेद १९ मधील भाषणाचे, संचाराचे, वास्तव्याचे स्वातंत्र्य ‘नागरिकां’ना दिलेले आहे. अनुच्छेद २१ मध्ये जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य यांचे संरक्षण सांगताना मात्र ‘व्यक्ती’ हा शब्द येतो. या दोन नामांमधील अंतर किती मोठे असू शकते, हे चकमा या आदिवासी समाजाच्या इतिहासातून कळते.

चकमा हे चितगावच्या डोंगराळ प्रदेशातील बौद्धधर्मीय लोक. १५ ऑगस्ट १९४७ रोजी रांगामाटीत भारताचा तिरंगा फडकवला गेला. दोनच दिवसांनी रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला आणि मुस्लिमेतर बहुसंख्येचा हा प्रदेश पाकिस्तानात गेला. पुढे कर्णफुली नदीवर काप्ताई येथे जलविद्युत प्रकल्पाचे धरण झाले. १९६०च्या दशकाच्या आरंभी त्याच्या जलाशयाने तेथील सुमारे ४० टक्के लागवडयोग्य जमीन गिळली आणि एक लाखाच्या आसपास माणसे विस्थापित झाली. १९६४ मध्ये त्यांच्यापैकी अनेकजण भारतात आले. आसामला भार पेलवेना, म्हणून त्यांतील काहींना हाजोंगांसह तत्कालीन ‘नेफा’त, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, वसवण्यात आले. ही वसाहत चोरवाटेने झालेली नव्हती. शासनानेच जमीन दिली होती, प्रत्येक कुटुंबाला आर्थिक साहाय्यही मंजूर केले होते.

पण ज्या भूमीत त्यांना आणले, ती रिकामी नव्हती. तेथील आदिवासींच्या प्रदेशात बाहेरच्यांच्या प्रवेशावर १८७३च्या विनियमापासून निर्बंध आहेत. आपली जमीन आणि आपले संख्याबळ ओसरेल, हे त्यांचे भय निराधार म्हणता येणार नाही. दोन दुर्बळ समाज एकमेकांसमोर उभे केले गेले, आणि तसे उभे करणारा निर्णय दोघांपैकी कोणाचाच नव्हता. विद्यार्थी संघटनेने चकमांना राज्य सोडून जाण्यासाठी मुदत दिली, तेव्हा हे भय धमकीत परिवर्तित झाले.

१९९३ सालच्या खुदीराम चकमा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अर्जदारांचा नागरिकत्वाचा दावा फेटाळला होता. परकीयाला अनुच्छेद २१ चे संरक्षण आहे, देशात वास्तव्य करण्याचा अनुच्छेद १९ मधील हक्क नाही, अशी त्या निकालाची मांडणी होती. चकमांच्या बाजूने उरला तो ‘व्यक्ती’ हा एकच शब्द. त्याच्याच आधारे राष्ट्रीय मानवी हक्क आयोग न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी आणि न्यायमूर्ती सेन यांनी निकाल दिला: नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे राज्याला बंधनकारक आहे. कोणताही गट चकमांना हुसकावून लावू लागला, तर गरज पडल्यास निमलष्करी दलांच्या साहाय्याने तो प्रयत्न मोडून काढावा. कायद्याच्या मार्गाखेरीज कोणालाही घराबाहेर काढू नये. नागरिकत्वाचे अर्ज नोंदवून केंद्राकडे पाठवावेत आणि ते प्रलंबित असेपर्यंत अर्जदाराला हलवू नये, असे आदेश निघाले. त्या निकालात अरुणाचलातील चकमांची संख्या सुमारे ६५,००० सांगितलेली आहे.

या निकालाचे मोठेपण मान्य करूनही त्याची मर्यादा पाहावी लागते. ‘व्यक्ती’ या शब्दाने चकमांना घराबाहेर काढण्यापासून वाचवले. त्या घराला गाव आणि राष्ट्र मिळवून देणे त्याच्या आवाक्यात नव्हते. त्यासाठी ‘नागरिक’ हाच शब्द हवा होता. न्यायालयाने अर्जांची वाट मोकळी केली, पण १७ सप्टेंबर २०१५ रोजी त्यालाच पुन्हा सांगावे लागले की पात्र चकमा-हाजोंगांना तीन महिन्यांत नागरिकत्व द्यावे. दोन निकालांत जवळजवळ वीस वर्षांचे अंतर आहे. १९९६ साली जन्मलेले मूल तोवर कायद्याने सज्ञान झाले होते.

आश्रितांना आसरा देण्याची परंपरा आपण अभिमानाने सांगतो. चकमांचा इतिहास विचारतो तो पुढचा प्रश्न: ज्याला मरू दिले नाही, त्याला जगायला जागा कोण देणार, आणि ती कोणाच्या अंगणातून?