जामिनाचे दोन निकाल

२७ जुलै १८९७ रोजी मुंबईस बाळ गंगाधर टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेल्यास जेमतेम महिना लोटला होता. राजद्रोहास जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा असल्याने जामीन हा आरोपीचा हक्क नव्हता. तो न्यायाधीशाच्या विवेकाधीन होता. मॅजिस्ट्रेटने अर्ज फेटाळला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स व रानडे यांनीही तो मान्य केला नाही. खटला सेशनकडे गेल्यावर बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांजपुढे पुन्हा अर्ज केला. तय्यबजींनी मुख्यत्वे पाहिले ते इतकेच, की आरोपी खटल्यास हजर राहील की नाही. महिनाभर कोंडलेला मनुष्य अखेर निर्दोष ठरला, तर तो न्यायाचाच विपर्यास होईल, अशी त्यांची दृष्टी होती. ४ ऑगस्टला टिळक जामिनावर सुटले. सप्टेंबरात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली ही गोष्ट निराळी. खटल्यास ते हजर होते.

१९०८ साली पुन्हा तोच आरोप, तेच टिळक. या वेळी अर्ज चालविला बॅरिस्टर जिना यांनी, आणि न्यायासनावर होते दावर! कारणांची सविस्तर चर्चा करणे इष्ट नाही, असे सांगून त्यांनी जामीन नाकारला. वकील म्हणून केलेला युक्तिवाद न्यायाधीशाला बांधत नाही, हे खरे. परंतु कारणेच झाकली गेल्यावर अर्ज कोणत्या कसोटीस उतरला नाही, हे आरोपीने जाणावे कसे? टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला, आणि त्याची तयारी त्यांना तुरुंगात बसून करावी लागली.