मिठागर आणि अंधारी खोली

ज्या मिठासाठीं १९३० सालीं शिरोड्याच्या मिठागरांत सत्याग्रही कायदा मोडावयास उतरले, त्याच मिठानें छायाचित्रणाचाही आरंभ झाला, हें आम्ही सहसा ध्यानीं घेत नाहीं. इंग्लंडांत टॅल्बटनें मीठपाण्यांत भिजविलेल्या कागदावर सिल्व्हर नायट्रेटचा द्राव चढविला. उन्हानें तो काळवंडे. चित्र टिकविण्यासही प्रथम तीव्र मीठपाणीच उपयोगी पडलें. १८३९ सालीं हर्शेलनें हायपो सुचविला. न काळवंडलेलें रौप्यलवण तो विरघळवितो. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी तींत होते. ‘हायपो’, ‘निगेटिव्ह’ हे शब्द आम्ही जसेच्या तसे घेतले. अंधाऱ्या खोलींतील साऱ्या खटाटोपास मात्र ‘फोटो धुणें’ हें घरगुती नांव दिलें. तें आम्हांस यथार्थच वाटतें. हायपो पुरता धुऊन न काढल्यास चित्र पुढें पिवळें पडतें.