समुद्रावरची रात्रपाळी

शिकागोला मुलाकडे किंवा लेकीकडे जाऊन आलेल्या मराठी आईवडिलांना तिथला ओहेअर विमानतळ चांगला ठाऊक असतो. ते नाव कुणाचे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. बुच ओहेअर हा अमेरिकी नौदलाचा वैमानिक. २६ नोव्हेंबर १९४३च्या रात्री पॅसिफिक महासागरात, गिल्बर्ट बेटांजवळ, तो 'एंटरप्राइज' या विमानवाहू जहाजावरून उडाला. बरोबर एक लढाऊ विमान आणि रडार असलेले एक मोठे विमान. रात्री चाल करून येणाऱ्या जपानी विमानांना अंधारातच गाठायचे, असा तो नवा प्रयोग होता. शत्रूची विमाने पांगली, पण ओहेअर परत आला नाही. १९४९मध्ये विमानतळाला त्याचे नाव देण्यात आले.

रात्रीच्या लढाईची गरज का पडली? दिवसा अमेरिकी तोफा आणि विमाने जपान्यांना जवळ येऊ देईनात. म्हणून टॉर्पेडो टाकणारी जपानी विमाने रात्री, पाण्याला लगटून येऊ लागली. आम्ही कवी चांदण्याचे गोडवे गातो, पण त्या जहाजांवरच्या माणसांना चांदणे नकोसे वाटे. चंद्रप्रकाशात जहाज दुरून दिसते. फेब्रुवारी १९४४मध्ये ट्रुक बेटांजवळ 'इंट्रेपिड' या जहाजाला असाच रात्री टॉर्पेडो लागला.

सुरुवातीला मोठ्या जहाजांवर चार-चार रात्रीची विमाने ठेवून पाहिली. पण दिवसभर विमाने चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांनी रात्री पुन्हा तेच करायचे, तर झोपायचे कधी? गिरणीत दोन पाळ्यांना दोन वेगळी माणसे लागतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही कामगाराने सांगितले असते. नौदलानेही शेवटी तेच केले. ऑगस्ट १९४४मध्ये 'इंडिपेंडन्स' हे लहानसे विमानवाहू जहाज केवळ रात्रपाळीसाठी नेमले गेले. त्यावरच्या लढाऊ तुकडीचे नाव व्हीएफएन-४१. त्यातला 'एन' हा 'नाइट'चा. प्रमुख होते कमांडर टर्नर काल्डवेल.

त्यांच्या हेलकॅट विमानात एकच माणूस बसे. उजव्या पंखावर रडारचा फुगवटा, समोर बशीएवढाही नसलेला पडदा. जहाजावरचा अधिकारी रेडिओवरून दिशा सांगत त्याला शत्रूच्या मागे काही मैलांपर्यंत नेऊन सोडी. पुढे स्वतःच्या पडद्यावरचा ठिपका पाहायचा, विमानही उडवायचे आणि शेवटी शत्रूच्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा डोळ्यांनी पाहून खात्री करायची. मग खरी कसोटी, म्हणजे काळ्या पाण्यावर हलणारे जहाज शोधून त्यावर उतरायचे.

या रात्रपाळीची सर्वांत मोठी कामगिरी गोळी झाडण्याची नव्हती. ती पाहण्याची होती. २४ ऑक्टोबर १९४४ला फिलिपिन्सजवळ अमेरिकी विमानांनी अॅडमिरल कुरिता यांच्या आरमारावर हल्ला केला. 'मुसाशी' हे प्रचंड जहाज बुडाले, कुरिता माघारी वळले. अमेरिकी अॅडमिरल हॉल्सी यांना वाटले, इथला धोका टळला. उत्तरेला जपानी विमानवाहू जहाजे दिसली होती. ते आमिष होते, पण तोच खरा शत्रू मानून हॉल्सी सगळा ताफा घेऊन तिकडे निघाले.

त्या रात्री 'इंडिपेंडन्स'च्या टेहळणी विमानांनी कुरितांना पुन्हा पाहिले. ते परत फिरून सान बर्नार्डिनो सामुद्रधुनीकडे येत होते. एरवी अंधारात असणारे सामुद्रधुनीतले दिवेही लागलेले होते. बातमी वर गेली. गटप्रमुख अॅडमिरल बोगन यांनी स्वतः हॉल्सींच्या जहाजाशी बोलणे केले. ती माहिती आमच्याकडे आहे, एवढेच उत्तर एका अधिकाऱ्याकडून मिळाले. सामुद्रधुनीच्या तोंडाशी एकही जहाज मागे ठेवले गेले नाही.

रमजानच्या अखेरीला चाँद पाहिल्याची साक्ष घेऊन कुणी आला, तर आमच्याकडे त्याला बसवून विचारतात. कुठून पाहिला, केव्हा पाहिला, आणखी कोणी पाहिला? मगच निर्णय होतो. त्या रात्री असे विचारणारे कुणी भेटले नाही.

२५ ऑक्टोबरच्या सकाळी समर बेटाजवळ कुरितांची चार युद्धनौकांसह आलेली फौज एका दुबळ्या अमेरिकी गटासमोर उभी ठाकली. सहा छोटी विमानवाहू जहाजे आणि सात विनाशिका. विनाशिका स्वतःहून तोफांच्या तोंडात शिरल्या. अखेर कुरिताच माघारी फिरले, पण त्या दिवशी पाच अमेरिकी जहाजे बुडाली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांपैकी अनेकजण दोन दिवस पाण्यात तरंगत मदतीची वाट पाहत होते.

हॉल्सी यांना दोष देणे आज सोपे आहे. विमानवाहू जहाजे हाच त्या युद्धातला मोठा धोका होता आणि कुरितांची फौज मोडली असे सांगणारे अहवाल त्यांच्यापुढे होते. दिवसा आलेले ते अहवाल खरे मानले गेले आणि रात्री आलेला अहवाल नुसता नोंदला गेला.

जानेवारी १९४५अखेर 'इंडिपेंडन्स'ची रात्रपाळी संपली. जेमतेम पाच महिने. 'एंटरप्राइज'सारखे मोठे जहाज त्या कामाला लागले होते. पुढे १९४६मध्ये 'इंडिपेंडन्स'ला बिकिनी बेटांवरच्या अणुचाचणीत लक्ष्य म्हणून उभे केले गेले, तरी ते बुडाले नाही. १९५१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ ते मुद्दाम बुडवावे लागले. २०१५मध्ये शास्त्रज्ञांना ते सुमारे आठशे मीटर खोल पाण्यात सापडले, सरळ उभे आणि बरेचसे शाबूत. तिथे सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. शोध घेणाऱ्यांनी त्याला पाहिले तेही ध्वनिलहरींच्या मदतीने, अंधारातच.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)