टाको, भाकरी आणि पंगत



पुण्याहून नगर रस्त्याने निघाले, की भीमेचा पूल व कोरेगाव ओलांडल्यावर सणसवाडी लागते. माझ्या बालपणी येथे ज्वारी-बाजरीची रानेच दृष्टीस पडत. सांप्रत कारखान्यांच्या पाळ्यांवर गावाचा दिनक्रम चालतो, आणि देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेले कामगार येथे नांदतात. गेल्या पावसाळ्यात नातीच्या आग्रहास्तव मी तेथील रस्त्याकाठच्या एका लहानशा उपाहारगृहात गेलो. तिने ‘टाको’ नावाचा पदार्थ मागविला. बशीत आली ती ज्वारीची पातळ, कडक भाजून दुमडलेली भाकरी. पोटात मटकीची उसळ, कांदा, टोमॅटो आणि वर लसणीचा ठेचा!

“आजोबा, हा मेक्सिकोचा पदार्थ,” नात म्हणाली. मला हसू आले. माझी आई रानात जाताना भाकरीवर झुणका घालून ती अशीच दुमडून हाती देत असे. मग खरे कोणाचे? विचारांती असे दिसते, की दोघांचेही.

मेक्सिकोतील मूळचे लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, पाट्यावर वाटून त्याची भाकरी करीत. स्पॅनिश लोकांनी तिला ‘तोर्तिया’ हे नाव दिले, आणि तीत कालवण घालून दुमडली की तिचा टाको होतो. चुन्याच्या या संस्कारामुळे मक्यातील एक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपीयांनी मका आपल्या देशी नेला, परंतु तो पिकविणाऱ्यांची ही युक्ती मात्र नेली नाही. परिणामी अठराव्या शतकापासून स्पेन व इटलीतील गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा नावाचा दारुण रोग पसरला. धान्य घ्यावे, पण ते पिकविणाऱ्याचे शहाणपण घेऊ नये, याचे फळ हे असे मिळते.

कोलंबस इ. स. १४९२ मध्ये अमेरिकेच्या बेटांवर उतरला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. आणि त्या खंडातील पिके समुद्रमार्गे आपल्याकडे येऊ लागली. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग ही सारी तिकडचीच. ‘बटाटा’ व ‘पाव’ हे शब्दही पोर्तुगीजांचे. आपल्या उपवासाची खिचडीच घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, दाण्याचा कूट, हिरवी मिरची आणि बटाटा, या चौघांचेही माहेर अमेरिका खंड! एकादशीला जे चालते ते पाचशे वर्षांपूर्वी या देशात कोणी पाहिलेलेही नव्हते. तेव्हा ज्वारीच्या टाकोस ‘विपरीत’ म्हणण्याचा अधिकार आम्हांस फारसा उरत नाही. खुद्द मेक्सिकोतही लेबाननकडून आलेल्या लोकांनी आपली सळईवर भाजलेल्या मांसाची रीत टाकोत आणली, आणि आज तो प्रकार तेथील मानबिंदू झाला आहे.

परंतु पदार्थ सरहद्दी ओलांडतात, तितक्या सहजतेने माणसे एका पंगतीस येत नाहीत. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली, आणि केवढे ग्रामण्य माजले! टिळक व रानडे यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. हा प्रसंग तर प्रतिष्ठितांचा. ज्यांच्या हातचे पाणीही चालत नव्हते, त्यांची कथा काय वर्णावी? कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या अस्पृश्य गणल्या गेलेल्या गृहस्थास चहाचे दुकान घालण्यास साहाय्य केले, आणि स्वतः तेथे थांबून चहा घेतला. एका कपाने त्यांनी जे साधले ते अनेक व्याख्यानांनी साधले नसते.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांत जातीच्या वा धर्माच्या कारणाने कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे ठरविले. सामान्य मनुष्याच्या चहाच्या कपाची चिंता घटनेस करावी लागली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आणि ती चिंता अनाठायी नव्हती. त्यानंतर वीस वर्षे लोटल्यावरही एका गावच्या चहाच्या दुकानी दाराबाहेरच्या कोनाड्यात वेगळ्या कपबश्या ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. माझ्या वर्गात माझ्याच शेजारी बसणाऱ्या मुलाचे वडील तेथे उभ्याने चहा घेत, कप स्वतः विसळीत आणि पुन्हा कोनाड्यात ठेवीत. मी आत बाकावर बसलो होतो. त्या मित्राने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. पुढे आयुष्यभर मी मुलांना इतिहास शिकविला, पण त्या कोनाड्याचा धडा मात्र कधी शिकविला नाही. आज प्रथमच सांगत आहे.

हे सारे गतकालीन झाले, असेही म्हणवत नाही. २०१८ च्या पहिल्याच दिवशी कोरेगाव-सणसवाडीच्या याच रस्त्याने जाळपोळ व दगडफेक पाहिली आहे. म्हणून त्या सायंकाळी उपाहारगृहात बसलो असता माझे लक्ष बशीपेक्षा बाकांकडे अधिक होते. पाळी संपवून आलेले चार कामगार जागा नसल्याने आमच्याच मेजावर येऊन बसले. कोणी कोणाचे आडनाव विचारले नाही. एकाने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकविला. मी प्यालो आणि नातीकडे दिला. तिला त्यात नवल करण्याजोगे काही वाटले नाही. मला वाटले.

“आजोबा, आवडला का?” तिने विचारले. मी आणखी एक टाको मागविला.