धूर, अग्नी आणि पीएसए

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने रक्ततपासणीवर काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण यवतमाळ घ्या, पुसद घ्या, वणी घ्या. साठी ओलांडलेल्या गृहस्थांच्या हातातल्या रिपोर्टवर आता पीएसए नावाचा आकडा दिसतो. तो पाहून आपण जे ठरवतो ते अनुमान असतं, आणि अनुमान हा आमचा प्रांत.

नैयायिकांचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे. धूर हा हेतू. पण उलटं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. आणि काही वेळा धूर वाटतो ते नुसतं धुकं असतं. आपल्या तपासणीचा सगळा इतिहास या दोन अपवादांत आहे.

सुरुवात १९३८ची. अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी न्यूयॉर्कमध्ये दाखवलं, की प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात अॅसिड फॉस्फेटेज वाढलेलं असतं. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी पुरुष-संप्रेरक कमी केलं की हा आकडा उतरतो, हे सिद्ध केलं; १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. खूण चांगली होती, पण ती बहुधा आग पसरल्यावरच दिसायची.

मग पीएसए आलं. १९७० मध्ये रिचर्ड अॅब्लिन यांनी प्रोस्टेटमधल्या विशिष्ट प्रतिजनाची नोंद केली, १९७९ मध्ये बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं, आणि वर्षभरात ते रक्तातही मोजता आलं. आता नावाकडे जरा लक्ष द्या. ‘प्रोस्टेट-विशिष्ट’. कर्करोग-विशिष्ट नव्हे! वीर्य पातळ ठेवणारं हे प्रथिन निरोगी ग्रंथीही तयार करते. वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीच्या मार्गाला संसर्ग झाला, नळी घातली, तरी आकडा चढतो.

अमेरिकेत १९८६ला परवानगी मिळाली ती निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी. तिथे हेतू भक्कम होता: ग्रंथीच काढून टाकली असेल, तर पीएसए पुन्हा दिसण्याचा अर्थ जवळपास एकच. १९९४ला, गुदमार्गातून बोटाने तपासणीच्या जोडीने, रोग शोधण्यासाठीही परवानगी मिळाली. तपासणी तीच, प्रश्न मात्र बदलला. माझ्या मते घोळ इथेच झाला.

मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम ही सीमा रूढ झाली. आकडा ४ ते १०च्या मध्ये असलेल्यांची बायोप्सी केली, तर साधारण चौघांपैकी तिघांना कर्करोग निघत नाही. हे धुकं. आणि २००४च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आकडा ४ किंवा त्याखाली असलेल्या सुमारे १५ टक्के पुरुषांत बायोप्सीत कर्करोग सापडला. हा तापलेला गोळा. शिवाय सापडलेले कितीतरी कर्करोग इतके सावकाश वाढतात, की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. उपचारांनी मात्र लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, शरीरसंबंध अवघड होऊ शकतात. २०१०ला खुद्द अॅब्लिन यांनी सरसकट तपासणीविरुद्ध वर्तमानपत्रात लेख लिहिला. २०१२ला अमेरिकी तज्ज्ञगटाने ती नकोच म्हटलं. २०१८ला तोच गट म्हणाला, ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावं, सत्तरीनंतर नको.

आता हा वाद जसाच्या तसा उचलून इकडे आणू नये. तिकडची तक्रार होती, रोग फार लवकर आणि उगाच सापडतो. आपल्याकडे दारव्ह्याचा किंवा उमरखेडचा म्हातारा कंबरदुखीला वय समजून अंगावर काढतो आणि नागपूरला पोचतो तेव्हा रोग हाडांत गेलेला असतो. सरकारच्या २०१६च्या आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची सरसकट चाचणी आहे. प्रोस्टेट त्यात नाही, आणि ते मला योग्य वाटतं. पण लघवीला त्रास आहे, रक्त जातं, हाडं दुखतात, वडील-भावाला हा रोग होता, अशा माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्यापुढे पक्ष आधीच उभा आहे; तिथे पीएसए हा साक्षीदार म्हणून उपयोगी. पॅकेजमध्ये फुकट मिळतो म्हणून काढलेला आकडा अन् हा आकडा, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून ६ आला तर आधी संसर्ग आहे का ते पाहायचं, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची, सोय असेल तिथे एमआरआय करायचा. बायोप्सीचा विचार त्यानंतर.