मालवाहनांची कमान व समतोल : नांदेड-लातूर परिसर
वाहनाचा सांगाडा व आस यांच्यामध्ये बसविलेल्या, एकमेकींवर रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या लवचिक जुडग्यास कमान किंवा पाटे असे म्हणतात. ‘कमान’ हा मूळ फार्सी शब्द असून त्याचा अर्थ धनुष्य असा आहे. मोकळ्या वाहनाखालील पाट्यांचा आकार धनुष्यासारखाच असतो. भार चढला म्हणजे ते सपाट होत जातात. रस्त्याचे हादरे सोसणे व भाराखाली वाहनाची उंची योग्य राखणे, ही कमानीची दोन कार्ये होत. ‘पिकअप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान मालवाहनाची मागील बाजू मोकळ्या अवस्थेत पुढच्या बाजूपेक्षा उंच असते. तिची कमान भरलेल्या गाडीसाठी आखलेली असल्यामुळे असे घडते. ही मागील बाजू खाली उतरवून गाडी समपातळीत आणण्याचा खटाटोप काही वाहनमालक करतात. हा प्रश्न वरवर दिसण्याचा वाटला, तरी त्यामागे मागचा व पुढचा भार यांच्या समतोलाचा जुना प्रश्न आहे. मराठवाड्यातील गाडीवानांस तो बैलगाडीच्या काळापासून परिचित आहे.

बैलगाडी : दोन चाकांची बैलगाडी ही तत्त्वतः एक तरफ असून आस हा तिचा टेकू होय. आसाच्या मागे भार अधिक झाला, तर दांडी वर उचलली जाऊन जू बैलांच्या मानेवरून निसटू पाहते. अशा गाडीस ‘उलाळ’ म्हणतात. उलटपक्षी पुढे भार अधिक झाल्यास जू मानेवर दाबते व बैलांचे खांदे सुजतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी होणाऱ्या खांदेमळणीत बैलांच्या खांद्यांचा मान राखला जातो, त्यामागे ही श्रमांची जाणीव आहे. गाडी भरताना पोती मागेपुढे सरकवून जुवावर बेताचा दाब राखणे, हे गाडीवानाचे खरे कौशल्य असे. लातूर जिल्ह्यातील देवणी व नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी या गोवंशांची ख्याती ओढकामासाठीही आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो.

या गाड्यांना कमान नसे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाके रुतत व उन्हाळ्यात त्याच खाचा वाळून चाकोऱ्या होत. लोखंडी धाव चढविलेले मोठे लाकडी चाक हाच हादऱ्यांवरचा त्या काळचा उपाय होता. पुढे हवा भरलेल्या रबरी चाकांच्या गाड्या प्रचारात आल्या. साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या अशा गाडीस ऊसतोडणी कामगार ‘टायरगाडी’ म्हणतात.

कमानीचा उदय : ताणाच्या प्रमाणात स्थितिस्थापक पदार्थाची लांबी बदलते, हा नियम इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. ओबाडाया एलियट यांनी १८०४ मध्ये लंडन येथे लंबवर्तुळाकार कमानीचे एकस्व घेतले आणि हलक्या घोडागाड्यांचा प्रसार वाढला. भारतात टांग्याच्या रूपाने कमान सामान्य प्रवाशांपर्यंत पोहोचली. टांग्यातही मागे भारी उतारू बसल्यास गाडी उलाळ होई व टांगेवाला उतारूंच्या जागा बदलावयास लावी. कमानीने हादरे कमी केले, समतोलाचे काम मात्र माणसाकडेच राहिले.

रेल्वे : या परिसरातील दूरच्या मालवाहतुकीचा कायापालट रेल्वेने केला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरमापी मार्ग १९०० च्या सुमारास मनमाड, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), परभणी व नांदेडमार्गे हैदराबादला जोडला गेला. लातूरच्या दृष्टीने बार्शी लाइट रेल्वे अधिक महत्त्वाची होय. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेला हा ७६२ मिमी. रुंदीचा अरुंदमापी मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला व १९११ मध्ये लातूरपर्यंत आला. प्रत्येक आसावर ५ टन एवढाच समान भार यावा, असे धोरण कॅलथ्रॉप यांनी एंजिन व डबे यांच्या रचनेत अवलंबिले. त्यामुळे हलक्या रुळांवरून पुष्कळ माल नेता आला. गाडीवानाने अनुभवाने साधलेले भारवाटपाचे तत्त्व येथे अभियांत्रिकीच्या नियमात बांधले गेले. लातूरच्या बाजारपेठेच्या वाढीस या मार्गाचा मोठा हातभार लागला.

मोटारवाहने : निजाम राज्यात १९३२ मध्ये रेल्वेच्या जोडीने सरकारी बसवाहतूक सुरू झाली. स्वातंत्र्योत्तर काळात १९५४ पासून टाटा-मर्सिडीझ मालमोटारी देशात बनू लागल्या. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकी गाडीमुळे ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत लहान मालवाहनाचे सामान्यनाम बनला. टाटा ४०७ (१९८६), टाटामोबाइल व टाटा एस (२००५) यांनी आणि महिंद्रच्या पिकअप गाड्यांनी खेड्यापासून आडतीपर्यंतची वाहतूक बैलगाडीकडून हळूहळू आपल्याकडे घेतली.

मालाच्या स्वरूपानुसार कमानीवरील भार बदलतो. कापूस हलका पण आकाराने मोठा असल्याने गाडीचा गुरुत्वमध्य उंच जातो. सोयाबीन व तूर यांची पोती थोड्या जागेत पुष्कळ वजन आणतात. यामुळे मालवाहतुकीत पाटे उतरविण्यापेक्षा जादा पाटे चढविण्याची रीत अधिक रूढ आहे. मोकळी गाडी त्यामुळे आणखी उंच दिसते व आदळते. समपातळीची हौस काही अंशी यातूनही निर्माण होते.

उतरविण्याच्या पद्धती : मागील बाजू खाली आणण्याचे मुख्य मार्ग चार आहेत. (१) पाटा कमी करणे : सारख्या जाडीच्या सहा पाट्यांपैकी एक काढल्यास उरलेल्या प्रत्येक पाट्यावरील ताण सु. २० टक्क्यांनी वाढतो. (२) पाट्यांचा बाक कमी करणे : हे काम भट्टीत तापवून केल्यास पोलादाला उष्णतासंस्काराने दिलेले गुण नष्ट होतात व पाटा पुढे बसतो किंवा तुटतो. (३) पाट्याचे टोक सांगाड्याला जोडणाऱ्या शॅकलची लांबी बदलणे. (४) आस व पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालणे : पाटा आसाखाली असेल, तर गाडी खाली येते, तो आसावर असेल, तर त्याच ठोकळ्याने ती उंच होते.

प्रत्येक पद्धतीत आस व सांगाडा यांतील अंतर घटते. भरलेली गाडी खड्ड्यात आपटते आणि गती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा कोन बदलतो. काही गाड्यांत मागील गतिरोधकांचा दाब गाडी किती खाली बसली आहे, यावरून नियंत्रित होतो. असे वाहन मुद्दाम खाली आणल्यास मोकळी गाडी भरलेली आहे असे त्या झडपेला ‘वाटते’. मागील चाके जखडून गाडी घसरण्याचा संभव त्यामुळे वाढतो.

समपातळी व समतोल : या दोन गोष्टी एक नव्हेत. पुढील व मागील आसांत ३ मी. अंतर असलेल्या, १,७०० किग्रॅ. वजनाच्या मोकळ्या गाडीची मागील बाजू ५ सेंमी. खाली आणली, तर जमिनीपासून ७० सेंमी. उंचीवरील गुरुत्वमध्य जेमतेम १ सेंमी. मागे सरकतो व सु. ७ किग्रॅ. भार पुढच्या चाकांवरून मागे जातो. याउलट एक क्विंटलचे एक पोते १ मी. मागे सरकविल्यास सु. ३३ किग्रॅ. भार तसाच मागे जातो. म्हणजे सुकाणू हलके पडणे अथवा गाडी उलाळ होणे, हे पाट्यांपेक्षा पोत्यांच्या जागेवर अधिक अवलंबून आहे. मागील आसापलीकडे रचलेला माल आजही तोच धोका निर्माण करतो, जो गाडीवानाला ठाऊक होता.

कायदा व रस्ते : मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने चार चाकांच्या एकेरी आसावरील अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८–६० मध्ये झालेल्या चाचण्यांवरून रस्त्याची हानी आसभाराच्या सु. चौथ्या घातात वाढते, असे दिसून आले. भार २० टक्के वाढला, तर हानी सु. दुप्पट होते. जादा पाटे सांगाडा वाचवीत असतील. रस्ता वाचवीत नाहीत.

तुळजापूर, लातूर, अहमदपूर, लोहा व नांदेड यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाल्याने गाड्यांचा वेग वाढला आहे. चाकोरीतून संथ चालणारी गाडी उलाळ झाली, तर बैल थांबत व गाडीवान पोते सरकवी. वेगवान वाहनात चूक सुधारण्यास तेवढी उसंत मिळत नाही. म्हणून मागील बाजूची उंची ठरविण्यापूर्वी माल कोणता, किती व आसाच्या कोणत्या बाजूस, हा जुना प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.