कांद्याच्या नावावर गेलेले दहा तास

शुक्रवार, २३ सप्टेंबर १९५५, पहाट

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर कोलोरॅडोच्या डोंगरात, फ्रेझरजवळच्या एका मित्राच्या रँचवर मासेमारीसाठी आले होते. आज परत निघायचे. न्याहारी त्यांनी स्वतः रांधली. वय ६४, बांधा सडसडीत, चाल सैनिकाची. एके काळी दिवसाला सिगारेटची चार पाकिटे ओढत. १९४९ मध्ये डॉक्टरांनी सांगितल्यावर सोडली ती सोडलीच.

घटनाक्रम इथून मांडला तरी आजार इथून सुरू होत नाही. हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांच्या आतल्या अस्तराखाली चरबीचे थर विशी-तिशीपासूनच साचू लागतात. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि वाईट कोलेस्टेरॉल ते काम वेगाने पुढे नेतात. दुखत काहीच नाही. धमनी बरीच अरुंद झाली की मग चढ चढताना छाती भरून येते आणि थांबले की मोकळी होते. पुष्कळांना तेवढीही सूचना मिळत नाही.

सकाळ

डेन्व्हरच्या लॉरी हवाई तळावरच्या कार्यालयात फायली उरकून राष्ट्राध्यक्ष चेरी हिल्सच्या मैदानावर गोल्फ खेळायला गेले. खेळ रंगात येतो तोच फोन. परराष्ट्रमंत्री डलेस यांना बोलायचे होते. मैदान सोडून क्लबमध्ये यायचे, फोन घ्यायचा, परत जायचे, असे पुन्हा पुन्हा झाले. आयझेनहॉवर भयंकर चिडले.

रागाने धमनीत चरबी साचत नाही. पण आधीच साचलेल्या थरावरचा पापुद्रा पातळ असेल, तर रक्तदाबाच्या अशा उसळीत तो फाटू शकतो. त्या दिवशी नेमके कशाने काय झाले, हे ठामपणे सांगता येणार नाही.

दुपार

अठरा होल्स झाल्यावर जेवण: हॅम्बर्गर आणि त्यात कच्च्या कांद्याच्या जाड चकत्या. मग आणखी नऊ होल्स. त्यातच पोटात जड वाटू लागले. कांदा बाधला, असे ते म्हणाले. सगळ्यांना ते पटलेही, कारण त्यांच्या पोटाच्या तक्रारी जुन्या आणि खऱ्याच होत्या. पुढच्याच वर्षी आतड्याचे ऑपरेशन करावे लागले.

हृदय आणि जठराचा वरचा भाग यांच्या वेदना मेंदूकडे जवळपास एकाच वाटेने जातात. म्हणून हृदयाचे दुखणे छातीच्या खळगीत, घशाशी, जबड्यात, डाव्या खांद्यात कुठेही जाणवू शकते. मधुमेह्यांना आणि बायकांना तर कित्येकदा नुसताच दम लागतो, घाम फुटतो किंवा मळमळते. आपल्याकडे घरोघरी याला ‘गॅस’ म्हणतात, ओवा चावतात, इनो पितात आणि सकाळची वाट पाहतात.

रात्री दहाच्या सुमारास

सासूबाईंच्या घरी, लाफायेट स्ट्रीटवर, ते झोपायला गेले.

शनिवार, २४ सप्टेंबर, पहाटे दोनच्या आसपास

छातीतल्या दुखण्याने जाग आली. पत्नी मेमी यांनी पोटासाठी मिल्क ऑफ मॅग्नेशिया दिले. दुखणे वाढतच गेले.

आत काय चालले होते ते आज आपल्याला ठाऊक आहे. फाटलेल्या थरावर रक्ताची गुठळी बसते आणि धमनी बंद होते. रक्त पूर्ण थांबले की वीस ते चाळीस मिनिटांत स्नायूच्या पेशी कायमच्या मरू लागतात. मरण आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे सरकत जाते, म्हणजे दर तासाला वाचवण्याजोगा स्नायू कमी कमी होत जातो.

पहाटे तीनच्या सुमारास

मेमींनी बोलावलेले डॉक्टर हॉवर्ड स्नायडर पोहोचले. वय ७४, लष्करातले अनुभवी, राष्ट्राध्यक्षांचे खास वैद्य. त्यांनी मॉर्फिन टोचले. वेदना दबली आणि रुग्ण झोपी गेला.

वाद इथे आहे. हृदयविकार आहे हे मी तत्काळ ओळखले, रुग्णाला आराम मिळावा म्हणून गवगवा केला नाही, असे स्नायडर यांनी नंतर लिहून ठेवले. इतिहासकार क्लॅरन्स लास्बी यांनी कागदपत्रे तपासून उलटा निष्कर्ष काढला: डॉक्टरांनाही ते पोटाचेच वाटले होते आणि मागाहून त्यांनी हकिगत सारवली. मला लास्बींचे म्हणणे पटते. हृदयविकार कळला असता, तर ज्या शहराजवळ लष्कराचे मोठे इस्पितळ होते तिथे ईसीजीचे यंत्र आणायला दुपार उजाडली नसती.

सकाळ

पत्रकारांना सांगण्यात आले की राष्ट्राध्यक्षांना अपचनाचा त्रास झाला आहे. आयझेनहॉवर झोपलेलेच होते. मॉर्फिनने दुखणे थांबते, धमनी उघडत नाही. गोळी घेऊन किंवा आपोआप छातीतले दुखणे शमले, म्हणून निश्चिंत होणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी हे वाक्य मला पुन्हा पुन्हा लिहावेसे वाटते.

दुपारी एकच्या सुमारास

फिट्झसिमन्स लष्करी इस्पितळातले हृदयतज्ज्ञ कर्नल बायरन पोलॉक ईसीजीचे यंत्र घेऊन घरी आले. आलेखात स्पष्ट दिसले: हृदयाच्या पुढच्या भिंतीला जबर इजा. डॉक्टर दाराशी आल्याला दहा तास झाले होते.

मग राष्ट्राध्यक्षांना आधार देत जिन्यावरून चालवत खाली आणले आणि मोटारीत बसवून इस्पितळात नेले. अशा रुग्णाला एक पायरीही चालवू नये, हे आज रुग्णवाहिकेतला मदतनीसही सांगेल.

स्नायडरांना दोष देताना एक गोष्ट विसरता कामा नये. १९५५ मध्ये दहा तास आधी कळले असते, तरी बंद धमनी उघडण्याचा उपाय जगात कुठेच नव्हता. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत १९६० मधली. डॉक्टर ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये जागत्या माणसाच्या हृदयधमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली ती १९७७ मध्ये. साधी ॲस्पिरिन अटॅकमध्ये जीव वाचवते हे मोठ्या चाचणीतून सिद्ध व्हायला १९८८ उजाडले. आज हे सगळे हाताशी आहे: इस्पितळात पाऊल ठेवल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी, दीड तासाच्या आत अँजिओप्लास्टी, ती जवळपास होत नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. छातीत भरून येऊन, घाम फुटून पंधरा मिनिटे गेली तर १०८ लावायचा, स्वतः गाडी चालवायची नाही. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवरच्या डॉक्टरला विचारून ॲस्पिरिन चावून खायची. रात्रीचे दोन वाजले असले तरी शेजाऱ्याला उठवायचे.

दुपारी अडीच

पत्रकारांना सांगितले गेले: राष्ट्राध्यक्षांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला आहे. ‘सौम्य’ हे खरे नव्हते. ते ऑक्सिजनच्या तंबूत होते.

सोमवार, २६ सप्टेंबर

न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडताच कोसळला. डाऊ जोन्स एका दिवसात साडेसहा टक्के खाली आला, सुमारे १४ अब्ज डॉलर बुडाले. त्याच दिवशी बोस्टनहून आलेले हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांना बसवून समजावले की हृदयाची धमनी म्हणजे काय, गुठळी म्हणजे काय, मेलेल्या स्नायूच्या जागी वण कसा भरतो. राष्ट्राध्यक्षांना शौचाला साफ झाले हेसुद्धा त्यांनी सांगितले. काहींना ते अशिष्ट वाटले. मला त्या पत्रकार परिषदेचे मोल फार वाटते, कारण तोवर दबक्या आवाजात उच्चारला जाणारा आजार त्या दिवशी लाखो घरांत सरळ शब्दांत पोहोचला. अटॅक आला म्हणजे माणूस कामातून गेला, ही समजूतही व्हाइट यांनी खोडली. रुग्णाला महिनोन्महिने खाटेला खिळवण्याऐवजी लवकर खुर्चीत बसवावे, मग चालवावे, या मताचे ते होते.

११ नोव्हेंबरला आयझेनहॉवर इस्पितळातून बाहेर पडले आणि १९५६ ची निवडणूक पुन्हा जिंकले. पण मेलेला स्नायू परत येत नाही. नंतरच्या वर्षांत आणखी झटके आले आणि २८ मार्च १९६९ रोजी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड इस्पितळात हृदय निकामी होऊन त्यांचे निधन झाले.